हिरव्या रानात हिरवी ताडपत्री: ड्रोनवरच्या हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याने उडता उडता लक्ष्य कसे शोधावे

साध्या कॅमेऱ्याने वरून काढलेल्या फोटोत झुडपांमध्ये पडलेली हिरवी ताडपत्री ओळखणे फार अवघड असते. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीनच आकडे मिळतात. पानाचे आणि ताडपत्रीचे हे तीन आकडे जुळले की विषय संपला. पण डोळ्याला दिसेनासे होते त्या ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास दोघांचे रस्ते वेगळे होतात. हिरवे पान ६७० नॅनोमीटरला बहुतेक प्रकाश शोषून घेते आणि ७५० पर्यंत जाईस्तोवर जवळपास निम्मा प्रकाश परत फेकायला लागते. या उभ्या चढणीला रेड एज म्हणतात. ताडपत्रीच्या रंगात हरितद्रव्य नसते. तिचीही चढण असू शकते, पण ती दुसऱ्या ठिकाणी आणि दुसऱ्या उताराने. हिरव्या पार्श्वभूमीवर हिरवी वस्तू शोधण्याची सारी किमया या फरकावर उभी आहे.

हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा प्रत्येक पिक्सेलसाठी तीनऐवजी शे-दोनशे आकडे देतो, म्हणजे त्या ठिपक्याचा अख्खा वर्णपट. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचे एव्हिरिस हे उपकरण १९८७ पासून विमानातून ४०० ते २५०० नॅनोमीटरचा पट्टा २२४ बँडमध्ये, म्हणजे तरंगलांबीच्या अरुंद पट्ट्यांमध्ये, टिपत आले. इस्रोने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी हायसिस हा हायपरस्पेक्ट्रल उपग्रह सोडला. आता अर्धा-पाऊण किलोचा कॅमेरा ड्रोनखाली बसतो. हरवलेल्या माणसाचा शोध, रानात टाकलेला कचरा, पिकात शिरलेले परके तण अशा कामांत तो उडत असतानाच 'इथे काहीतरी आहे' असे सांगू शकतो.

पुढे ताडपत्रीचेच उदाहरण धरून सगळ्या पायऱ्या दिल्या आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. लक्ष्य ओळखण्याचे गणित चार ओळींचे आहे आणि फुकट मिळते. निकाल चांगला की वाईट हे मात्र लक्ष्याचे मोजमाप, प्रकाशाचा हिशेब आणि उड्डाणाची आखणी यांवर ठरते. म्हणून लेखाचा मोठा भाग तिकडेच खर्च केला आहे.

१. लक्ष्याचा वर्णपट स्वतः मोजा

इंटरनेटवरच्या वर्णपटसंग्रहातून 'हिरवे प्लास्टिक' उचलून कामाला लागू नका. बाजारात दहा प्रकारच्या हिरव्या ताडपत्र्या मिळतात आणि त्यांची रंगद्रव्ये वेगवेगळी असतात. जी वस्तू शोधायची तिचा, किंवा तिच्या जवळात जवळच्या वस्तूचा तुकडा मिळवा आणि शक्यतो उडणार त्याच कॅमेऱ्याने, उन्हात, पांढऱ्या प्रमाणित फलकाशेजारी ठेवून मोजा. त्याच कॅमेऱ्याने मोजले की त्या कॅमेऱ्याच्या खोडी लक्ष्याच्या वर्णपटातही उतरतात आणि पुढे तुलना सरळ होते.

एक मोजमाप पुरत नाही. कोरडी ताडपत्री, ओली ताडपत्री, उन्हाने विटलेली, चिखल माखलेली, घडी घातलेली आणि एकपदरी पसरलेली अशी निरनिराळ्या अवस्थांतली मोजमापे घ्या. एकपदरी पातळ कापडाकडे विशेष लक्ष द्या. जवळच्या अवरक्त पट्ट्यातला प्रकाश अशा कापडातून आरपार जातो, खालच्या गवतावर आपटतो आणि परत वर येतो. त्यामुळे गवतावर पसरलेल्या पातळ ताडपत्रीच्या वर्णपटात गवताची रेड एज मिसळलेली दिसते. तोच तुकडा मातीवर ठेवला तर आलेख बदलतो. दोन्ही प्रकारे मोजा.

या सगळ्यांची एकच सरासरी काढून मोकळे होण्याचा मोह होतो. अवस्था एकमेकींच्या जवळ असतील तर ते चालते. ओली आणि विटलेली यांच्यात फार अंतर असेल तर दोन-तीन वेगळी लक्ष्ये धरा आणि प्रत्येकासाठी शोध चालवून सर्वांत मोठा गुण, म्हणजे पिक्सेल लक्ष्याशी किती जुळतो तो आकडा, घ्या.

२. कोणता पट्टा लागणार

४०० ते १००० नॅनोमीटरचे कॅमेरे सिलिकॉन सेन्सरवर चालतात. ते हलके असतात आणि तुलनेने स्वस्त. झाडीतली रंगीत वस्तू शोधायला हाच पट्टा पुरतो, कारण रेड एज त्याच्या बरोबर मध्ये येते. दोन्ही टोके मात्र कमजोर असतात. ४३० च्या खाली आणि ९३० च्या वर गोंगाट, म्हणजे आकड्यांतला निरर्थक चढउतार, वाढतो, शिवाय ९४० च्या आसपास हवेतली वाफ प्रकाश खाते. ही टोके सुरुवातीलाच कापून टाका.

प्लास्टिक हे प्लास्टिक म्हणूनच ओळखायचे असेल, रंग कोणताही असो, तर गोष्ट वेगळी. हायड्रोकार्बनची ठळक खूण १७३० नॅनोमीटरजवळ आहे. ९०० ते १७०० नॅनोमीटरचे इंडियम गॅलियम आर्सेनाइड कॅमेरे नेमके तिच्या उंबरठ्यावर थांबतात. त्यांना १२१५ जवळची क्षीण खूण दिसते. १७३० हवी असेल तर २५०० पर्यंत जाणारा, थंड ठेवावा लागणारा सेन्सर घ्यावा लागतो आणि वजन व किंमत दोन्ही उडी मारतात. कॅमेरा विकत घेण्याआधी आपल्या लक्ष्याची खूण कोणत्या नॅनोमीटरला आहे ते माहिती पत्रकातल्या आकड्यांशी ताडून पाहा.

३. उड्डाणाचा हिशेब कागदावर

ड्रोनवरचे बहुतेक हायपरस्पेक्ट्रल कॅमेरे पुशब्रूम पद्धतीचे असतात. ते एका वेळी जमिनीवरची एकच आडवी ओळ टिपतात आणि ड्रोन पुढे सरकत जातो तशी चित्राची लांबी तयार होते. उदाहरणासाठी असा कॅमेरा धरू: ओळीत ६४० पिक्सेल, २७० बँड, सेन्सरचा पिक्सेल ७.४ मायक्रोमीटरचा, लेन्स १२ मिलिमीटरची.

पिक्सेलचा आकार भागिले लेन्सची नाभीय लांबी, म्हणजे ०.६१७ मिलिरेडियन. १०० मीटर उंचीवरून एक पिक्सेल जमिनीवर ६.२ सेंटीमीटरचा होतो आणि पट्टा सुमारे ३९.५ मीटर रुंद. वेग सेकंदाला ५ मीटर ठेवला तर चौकोनी पिक्सेल मिळण्यासाठी सेकंदाला ८१ ओळी टिपाव्या लागतात. म्हणजे प्रत्येक ओळीला १२ मिलिसेकंद. प्रकाशनकाल, म्हणजे सेन्सर प्रकाश गोळा करतो तो वेळ, त्याच्या आत बसला पाहिजे. ढगाळ हवेत तो बसत नाही, मग वेग कमी करावा लागतो.

शेजारच्या पट्ट्यांत ३० टक्के आच्छादन ठेवले तर दोन मार्गांमधले अंतर साधारण २८ मीटर येते. या गतीने एक हेक्टर सव्वा मिनिटात होतो, वळणे धरून थोडा जास्त. वीस मिनिटांच्या उड्डाणात दहा हेक्टर हा प्रामाणिक अंदाज आहे. कुणी पन्नास सांगत असेल तर त्याला पिक्सेलचा आकार आणि ओळींचा वेग विचारा.

सह्याद्रीसारख्या चढउताराच्या मुलखात हाच हिशेब दगा देतो. टेकडी ४० मीटर वर आली आणि ड्रोन त्याच पातळीवर राहिला तर जमिनीपासूनची उंची ६० मीटर उरते. पट्टा २४ मीटरवर येतो, मार्ग मात्र २८ मीटर अंतराने आखलेले असतात. दर दोन मार्गांमध्ये चार मीटरची पट्टी पाहिलीच जात नाही, आणि हे पडद्यावर कुठेही दिसत नाही. भूरूपाचा आराखडा वापरून जमिनीपासूनची उंची कायम ठेवणारे उड्डाण आखा, किंवा मार्गांचे अंतर सर्वांत उंच टेकडीच्या हिशेबाने ठरवा.

मार्गांची दिशाही विचारपूर्वक ठरवा. सूर्याच्या दिशेने आणि सूर्याकडे पाठ करून, असे आलटून पालटून उडालात तर पट्ट्याच्या डाव्या-उजव्या कडांमधला उजेडाचा फरक कमी राहतो. सूर्याला आडवे उडालात तर एक कडा उजळ आणि दुसरी काळपट येते. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यानची बरी, सावल्या आखूड असतात.

आता साठवणीचा आकडा. ६४० गुणिले २७० गुणिले दोन बाइट, म्हणजे ओळीला साडेतीन लाख बाइटच्या आसपास. सेकंदाला २८ मेगाबाइट, दहा मिनिटांना जवळपास १७ गिगाबाइट. एवढा डेटा रेडिओवरून खाली पाठवणे व्यवहार्य नाही. म्हणून तर गणना ड्रोनवरच करायची.

४. परवानगी आणि यान

भारतात २५ ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम लागू आहेत. कॅमेरा, जीएनएसएस-आयएमयू (उपग्रहांवरून जागा आणि यानाचा कल मोजणारे उपकरण), संगणक आणि बॅटरी धरून यान २ ते २५ किलोच्या 'लहान' वर्गात जाते. त्यासाठी नोंदणी क्रमांक आणि रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते. हरित क्षेत्रात, म्हणजे आधी परवानगी लागत नाही अशा भागात, १२० मीटरपर्यंत उडता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर आहे. पुण्यात लोहगावचा हवाई तळ असल्यामुळे शहराच्या आसपासचा बराच भाग हरित नसतो, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उड्डाणाच्या दिवशीही पाहा. संशोधन संस्था, शैक्षणिक संस्था आणि मान्यताप्राप्त स्टार्टअप यांना संशोधनासाठी, हरित क्षेत्रात आणि स्वतःच्या ताब्यातल्या जागेत, काही अटींतून सूट आहे.

फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना अपवाद आहे, सुटे भाग आणता येतात. त्यामुळे परदेशी लेखांत सुचवलेले यान तुम्हाला मिळेलच असे नाही. देशी यान निवडताना दीड-दोन किलोचा भार घेऊन ते किती मिनिटे उडते हे प्रत्यक्ष उडवून पाहा.

५. ड्रोन उचलण्याआधी टेबलावरचा सराव

हे टाळू नका. ज्यात लक्ष्ये मांडून ठेवली आहेत आणि ती कुठे आहेत हे नोंदवले आहे असे दोन उत्तम डेटासंच मोफत मिळतात.

पहिला म्हणजे मफल गल्फपोर्ट. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, सदर्न मिसिसिपी विद्यापीठाच्या गल्फपार्क आवारावर विमान उडवून तो घेतला. जमिनीवर तपकिरी, गडद हिरव्या, मटारी हिरव्या आणि द्राक्षवेलीसारख्या हिरव्या रंगाची कापडे पसरली होती. आकार तीन प्रकारचे होते: तीन मीटर, एक मीटर आणि अर्धा मीटर. पिक्सेल एक मीटरचा, बँड ७२. अर्ध्या मीटरचे कापड एका पिक्सेलचा फार तर चौथा हिस्सा व्यापते, म्हणजे उरलेले पाऊण गवतच. काही कापडे झाडांच्या सावलीत आणि फांद्यांखाली आहेत. आपल्या ताडपत्रीच्या प्रश्नाला याहून जवळचा सराव मिळणे कठीण.

दुसरा कुक सिटीचा. जुलै २००६ मध्ये मोंटाना राज्यातल्या त्या छोट्या गावावरून हायमॅप उपकरणाने तो टिपला. १२६ बँड, साधारण तीन मीटरचा पिक्सेल, लक्ष्ये म्हणजे कापडी फलक आणि गाड्या. रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तो अंध चाचणीसाठी प्रसिद्ध केला. एका चित्रातल्या लक्ष्यांच्या जागा सांगितल्या आणि दुसऱ्या चित्रातल्या लपवल्या.

पायथनमधल्या 'स्पेक्ट्रल पायथन' या मोफत संचात पुढे येणारी तिन्ही गणिते तयार आहेत. मफल गल्फपोर्टवर मटारी हिरवे कापड शोधा आणि तीन मीटरचे किती सापडले, अर्ध्या मीटरचे किती, सगळी सापडेपर्यंत खोटे इशारे किती आले हे लिहून ठेवा. या सरावातून पुढच्या अपेक्षा जमिनीवर येतात.

६. गणित: तीन पर्याय आणि माझी पसंती

लक्ष्याचा वर्णपट ठाऊक नसेल तर आरएक्स वापरतात. रीड आणि यू यांनी १९९० मध्ये मांडलेली ही पद्धत प्रत्येक पिक्सेल पार्श्वभूमीच्या सरासरीपासून किती दूर आहे ते मोजते, आणि ते अंतर मोजताना पार्श्वभूमी कोणत्या दिशेने किती पसरलेली आहे हे विचारात घेते. वेगळे दिसणारे सगळे ती दाखवते: ताडपत्री, पत्रा, वाळलेले झाड, पाण्याचे डबके. शोधकार्यात 'काहीही मानवनिर्मित दिसले तर सांग' अशी गरज असेल तेव्हा ती उपयोगी पडते.

लक्ष्य ठाऊक असेल तर मॅच्ड फिल्टर. पिक्सेलमधून पार्श्वभूमीची सरासरी वजा करायची, पार्श्वभूमीच्या कोव्हेरियन्स मॅट्रिक्सच्या (बँड एकमेकांसोबत कसे बदलतात त्या आकड्यांच्या तक्त्याच्या) व्यस्ताने गुणायचे आणि त्याचा लक्ष्याशी गुणाकार घ्यायचा. भाजक असा निवडतात की पूर्ण लक्ष्याला १ आणि निव्वळ पार्श्वभूमीला सरासरी ० मिळतो. पिक्सेलचा चौथा हिस्सा लक्ष्याने व्यापला असेल तर उत्तर ०.२५ च्या आसपास येते.

तिसरा पर्याय एस, म्हणजे अ‍ॅडॅप्टिव्ह कोसाइन एस्टिमेटर. तो पार्श्वभूमीचा पसारा सपाट करून घेतो आणि मग पिक्सेल व लक्ष्य यांच्यातला कोन मोजतो. मॅच्ड फिल्टर एखाद्या झगमगत्या पत्र्याला केवळ तो झगमगता आहे म्हणून मोठे गुण देऊन बसतो, एस असे करत नाही. माझी पसंती दोन्ही एकत्र चालवण्याला आहे. मॅच्ड फिल्टरने चाळणी लावायची आणि त्यातून उरलेल्या पिक्सेलना एसने तपासायचे.

हे वेळेत बसते का? आपला कॅमेरा सेकंदाला सुमारे ५१,८०० पिक्सेल देतो. २७० बँडचा मॅच्ड फिल्टर म्हणजे सेकंदाला जेमतेम १ कोटी ४० लाख गुणाकार. एससाठी पूर्ण मॅट्रिक्स गुणावी लागते, तिथे हा आकडा ३७८ कोटींवर जातो. पण २७० बँड खरोखर लागतात का? असे कॅमेरे सव्वादोन नॅनोमीटरच्या अंतराने आकडे देतात, त्यांची खरी विभेदनक्षमता मात्र सहा नॅनोमीटरच्या आसपास असते. शेजारचे तीन-तीन बँड एकत्र केले आणि टोके कापली की ७५ उरतात. एसचा भार २९ कोटींवर येतो आणि गोंगाटही कमी होतो. हे काम एनव्हिडिया जेटसनसारखा १५ ते २५ वॅट खाणारा छोटा संगणक सहज पेलतो.

७. मैदानावर: झाकण, ऑक्सिजन, फलक

उड्डाणाआधीचा हा तास घाईत उरकू नका.

कॅमेरा सुरू करून तापमान स्थिर होऊ द्या. लेन्सवर झाकण लावून, उड्डाणात वापरणार त्याच प्रकाशनकालाने काही शे ओळी टिपा. ही काळोखाची पातळी. प्रत्येक उड्डाणाआधी ती नव्याने घ्या, कारण सेन्सर तापला की ती सरकते.

मग कच्च्या वर्णपटात ७६० नॅनोमीटर पाहा. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तिथे अरुंद, खोल खळगा दिसतो. निसर्गाने दिलेली ही फुकटची खूण आहे. खळगा ७६० ऐवजी दुसरीकडे दिसला तर कॅमेऱ्याचे तरंगलांबीचे मोजमाप सरकले आहे. वाहतुकीत धक्का बसला की असे होते. हा खळगा ओळीच्या मधल्या पिक्सेलवर आणि दोन्ही टोकांवरही तपासा. मध्ये आणि कडेला तो वेगवेगळ्या जागी आला तर त्या कॅमेऱ्यात 'स्माइल' नावाचा दोष ठळक आहे. रेड एजसारख्या उभ्या चढणीवर दोन-तीन नॅनोमीटरचा सरकाव गुणांवर परिणाम करतो. अशा वेळी लक्ष्याचा वर्णपट ओळीतल्या प्रत्येक स्तंभासाठी, म्हणजे पिक्सेलच्या प्रत्येक जागेसाठी, थोडा सरकवून वेगळा साठवा.

त्यानंतर करड्या रंगाचे तीन फलक उघड्यावर पसरा: गडद, मध्यम आणि फिकट. त्यांचे परावर्तन आधी मोजलेले असावे. १०० मीटरवरून पिक्सेल ६ सेंटीमीटरचा असला तरी फलक निदान एक मीटरचा घ्या, म्हणजे कडांचे मिश्र पिक्सेल टाकून देऊन मधले भरपूर उरतात. फिकट फलकावरून उडताना एकही बँड भरून वाहता, म्हणजे कमाल आकड्याला टेकता, कामा नये. तसे होत असेल तर प्रकाशनकाल कमी करा. फलक झाडापासून दूर ठेवा. झाडावरून उसळलेला अवरक्त प्रकाश फलकावर पडला की सारे प्रमाण बिघडते.

या तीन फलकांवरून प्रत्येक बँडसाठी सरळ रेषा बसवतात. कॅमेऱ्याचा आकडा आणि परावर्तन यांचे नाते तिच्यातून मिळते. इथे वेळ वाचवण्याची एक युक्ती आहे. प्रत्येक पिक्सेलला परावर्तनात रूपांतरित करण्याऐवजी लक्ष्यालाच त्या रेषेने उलटे फिरवून कॅमेऱ्याच्या आकड्यांत आणा. सेकंदाला पन्नास हजार वर्णपट बदलण्यापेक्षा एक बदलणे सोपे. ड्रोनच्या पाठीवर आकाशाकडे पाहणारा प्रकाशमापक असेल तर उजेड वाढला-घटला तसे त्याच प्रमाणात लक्ष्यही बदलत राहता येते. फलकांची रेषा एका उजेडात घेतलेली असते, ढग आला की ती जुनी होते, म्हणून या मापकावर पैसे खर्च करा. काळोख वजा करणे आणि स्तंभांमधली असमानता काढणे ही दोन कामे मात्र प्रत्येक पिक्सेलवर करावीच लागतात.

८. उडताना संगणकात काय चालते

एकेक ओळ हाताळू नका. ६४ ओळींचा गठ्ठा घ्या, तो पाऊण सेकंदात भरतो. गठ्ठा भरला की काळोख वजा, असमानता दुरुस्त, बँड एकत्र, मग चाळणी आणि तपासणी. उत्तर सेकंद-दोन सेकंदांत येते, तेवढ्यात ड्रोन दहा मीटर पुढे गेलेला असतो. शोधकार्याला एवढा उशीर चालतो.

पार्श्वभूमीची सरासरी आणि कोव्हेरियन्स उडता उडता ताजी ठेवावी लागते, कारण गवत संपून खडक येतो, खडक संपून झाडी येते. गेल्या काही शे ओळींना जास्त वजन आणि जुन्यांना कमी, अशी सरकती सरासरी ठेवा. ७५ बँडची मॅट्रिक्स नीट बसायला कागदोपत्री दीडशे स्वतंत्र पिक्सेलही कामचलाऊ ठरतात, पण शेजारचे पिक्सेल एकमेकांसारखेच असतात. म्हणून काही हजारांच्या खाली जाऊ नका आणि कर्णावर छोटी भर घालून मॅट्रिक्स स्थिर करा.

एक खाचखळगा इथे आहे. दोन मीटरची ताडपत्री हजारभर पिक्सेल व्यापते. ते पिक्सेल पार्श्वभूमीच्या हिशेबात मिसळले तर ताडपत्री हाच पार्श्वभूमीचा नेहमीचा प्रकार आहे असे गणित समजते आणि तिचे गुण खाली ओढते. मोठे लक्ष्य लहान लक्ष्यापेक्षा कमी गुण घेते तेव्हा बहुधा हेच घडलेले असते. उपाय सोपा आहे: आधी गुण द्यायचे, मग मॅट्रिक्स ताजी करायची, आणि तेही संशयित पिक्सेल वगळून.

९. उंबरठा

किती गुणाच्या वर इशारा द्यायचा, तो आकडा म्हणजे उंबरठा. सगळे इथे येऊन ठेपते. दर लाख पिक्सेलमागे एक खोटा इशारा म्हणजे कौतुकास्पद वाटते. पण आपला कॅमेरा सेकंदाला ५१,८०० पिक्सेल देतो, तेव्हा दर दोन सेकंदांना एक खोटा इशारा येणार. वीस मिनिटांत सहाशे. पडद्यासमोर बसलेला माणूस पाचव्या मिनिटाला त्यांच्याकडे पाहणे सोडून देतो. दर दहा लाखांमागे एक केला तरी वीस सेकंदांना एक येतो.

नुसता उंबरठा वाढवत नेला तर झाडाखाली अर्धवट दिसणारी ताडपत्रीही हातची जाते. त्यापेक्षा शेजार पाहा. पिक्सेल ६ सेंटीमीटरचा आहे आणि लक्ष्य मीटरभराचे आहे. मग एकमेकांना चिकटलेले निदान वीस पिक्सेल उंबरठ्याच्या वर असल्याशिवाय इशारा देऊ नका. गोंगाटातून उगवलेले खोटे इशारे एकटेदुकटे असतात, ते यात गळून जातात. झाडांच्या दाट छताखाली शोध असेल तर वीसऐवजी पाच-सहा ठेवा आणि एकमेकांपासून मीटरभरात विखुरलेले तुकडे एकच समजा, कारण पानांच्या फटींतून लक्ष्य तुकड्यांतच दिसते.

सावलीतल्या लक्ष्याला वेगळी वागणूक हवी. सावलीत फक्त आकाशाचा निळसर उजेड पडतो आणि झाडाखाली त्यात पानांतून गाळून आलेला अवरक्त मिसळतो. एस पद्धत उजेड कमी झाल्याने गोंधळत नाही, उजेडाचा रंग बदलल्याने मात्र गोंधळते. ताडपत्री सावलीत ठेवून घेतलेले मोजमाप लक्ष्यांच्या यादीत वेगळे नोंदवा.

१०. खाली काय पाठवायचे

प्रत्येक इशाऱ्यासोबत चार गोष्टी पुरतात: अक्षांश-रेखांश, गुण, त्या जागेचा ६४ बाय ६४ पिक्सेलचा रंगीत तुकडा आणि लक्ष्याशेजारी काढलेला त्या पिक्सेलचा वर्णपट. तुकडा दाबून काही किलोबाइटचा होतो. निर्णय माणसाने घ्यायचा आहे आणि नुसत्या गुणावर तो घेता येत नाही. वर्णपट समोर असला की सरावलेला डोळा रेड एज नेमकी कुठे आहे ते पाहून क्षणात पान आणि ताडपत्री वेगळी करतो. शेजारी एक साधा, जास्त बारकाईचा कॅमेरा बसवून त्याचाही तुकडा पाठवला तर काम आणखी सोपे होते.

जागेच्या अचूकतेबाबत उगाच हट्ट धरू नका. चित्र नीट जुळवायला ०.१ अंशाचा कलही मोजावा लागतो, कारण १०० मीटरवरून तो साडेसतरा सेंटीमीटर, म्हणजे जवळपास तीन पिक्सेल होतो. पण शोधपथकाला तीन-चार मीटरच्या आतली जागा पुरते. एका अंशाची चूक पावणेदोन मीटरची असते, साध्या जीएनएसएसची दोन-तीन मीटरची. तेव्हा उडताना ढोबळ जागा द्या आणि नेमकी जुळवणी उतरल्यावर करा. घड्याळे मात्र पहिल्या दिवसापासून जुळलेली असू द्या. कॅमेऱ्याची प्रत्येक ओळ जीएनएसएसच्या सेकंदाच्या ठोक्याला बांधलेली नसेल तर ही चूक नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्णपणे सुधारत नाही.

११. लपवलेल्या लक्ष्यांची चाचणी

स्वतः ठेवलेली ताडपत्री स्वतः शोधणे ही चाचणी नव्हे. वेगवेगळ्या आकारांचे तुकडे दुसऱ्या कुणाला तरी रानात ठेवायला सांगा: काही उघड्यावर, काही झुडपाच्या कडेला, काही झाडाखाली, एखादा ओला. सोबत फसवणारी सामग्रीही ठेवायला सांगा, जसे दुसऱ्या रंगद्रव्याची हिरवी ताडपत्री, हिरवे शेडनेट, हिरवा पाइप. जागांची यादी त्या माणसाकडेच राहू द्या. उंबरठे आधी ठरवा आणि मग उडा. खाली उतरल्यावर यादी उघडा, प्रत्येक तुकड्यासमोर सापडला की नाही ते लिहा आणि हेक्टरमागे खोटे इशारे किती आले ते मोजा.

न सापडलेल्या प्रत्येक तुकड्याचा वर्णपट कच्च्या डेटातून काढून पाहा. त्याचा आलेख तुमच्या लक्ष्याच्या यादीतल्या कशाशीच जुळत नसेल तर यादी अपुरी आहे. आलेख जुळतो पण गुण कमी आहेत, असे असेल तर पार्श्वभूमीच्या मॅट्रिक्सकडे बघा. आलेखच सापडत नसेल, त्या जागेवर फक्त पानेच असतील, तर छत फार दाट आहे आणि तिथे कोणतेही गणित चालणार नाही. अशा ठिकाणी दुसऱ्या कोनातून, दुसऱ्या दिशेने आणखी एक फेरी मारणे एवढाच मार्ग उरतो. म्हणून कच्चा डेटा, त्या दिवशीचा काळोख, फलकांची ओळ आणि प्रकाशमापकाची नोंद हे चारही एकाच फोल्डरमध्ये, उड्डाणाच्या तारखेने साठवा. यातले एकही हरवले तर ही तपासणी नंतर करता येत नाही.